आमची वाटचाल: आकडा शेवटी

आमची फर्म म्हणजे मी आणि ताई. ताई माझी थोरली चुलत बहीण. उभं आयुष्य लोकांचे हिशेब लिहून झाल्यावर एक दिवस मला म्हणाली, "आता आपल्या वहीत काहीतरी लिहू." धंदा साधाच. भाड्याने गेलेल्या किंवा जाऊ शकतील अशा लहान जागा थेट मालकाकडून घ्यायच्या, डागडुजी करायची आणि भाड्यावर ठेवायच्या. मध्ये दलाल नाही. दलालांशी आमचं वाकडं नाही, पण सुरुवातीचं भांडवल इतकं तुटपुंजं होतं की दलाली परवडतच नव्हती. तोच नाइलाज पुढे सवय झाला. बारा वर्षांत अकरा जागा घेतल्या. पाहिल्या किती, ते ताईच्या वहीत आहे: दोनशेच्या वर.

दलाल नसला की नेमकं काय बदलतं हे आम्हाला पहिल्या वर्षी कळलं नव्हतं. दलाल म्हणजे काचेच्या भांड्यांमध्ये घातलेला पेंढा. "तुमच्या भिंतीला ओल आहे, गिऱ्हाईक कुरकुरतंय," हे तो मालकाला बाजूला घेऊन, जरा गोड करून सांगतो. थेट व्यवहारात ते तोंडावर सांगायचं, तेही त्याच्याच खुर्चीत बसून. त्याचा बाप ज्या घरात गेला त्या घराची किंमत तुम्ही पाडून मागताय, असं त्याला वाटणारच.

पहिल्या जागेत आम्ही सपाटून फसलो. फसवलं कुणी नाही, आम्हीच फसलो. तळमजल्यावरची दोन गाळ्यांची जागा, भाडेकरू बसलेला, करार हातात. मालकाने वार्षिक भाड्याच्या पंधरा पट मागितले. आम्ही तीन बैठका घालून ते चौदावर आणले आणि एक पट वाचवली म्हणून विजयी मुद्रेने घरी आलो. तीन महिन्यांत भाडेकरू उठला आणि आमच्याकडे अनामत मागू लागला. अनामत होती जुन्या मालकाकडे. आमच्या खरेदीच्या कागदात तिच्याबद्दल एक अक्षर नव्हतं. वर हेही कळलं की करारात भाडं बारा महिन्यांचं होतं, पण वर्षातले दोन महिने त्याला माफ असायचे. मालक खोटं बोलला नव्हता. आम्ही विचारलं होतं, "करारात भाडं किती?" त्याने करार दाखवला. "खात्यात किती जमा झालं?" हे आम्ही विचारलंच नव्हतं.

त्या रात्री ताईने वहीचं कोरं पान उघडलं. वर्षाचं भाडं शंभर धर, म्हणाली. त्यातून एक महिना जागा रिकामी राहणार, म्हणजे आठ गेले. कर आणि विम्याचे बारा, दुरुस्तीचे दहा, सामाईक देखभालीचे पाच. राहिले पासष्ट. आपण दिले चौदाशे. शंभर भागिले चौदाशे केलं की सात टक्के दिसतात आणि माणूस खूश होतो. पासष्ट भागिले चौदाशे केलं की साडेचारच्या जरासे वर. कर्जाचं व्याज त्याहून जास्त होतं. थोडक्यात, आम्ही पदरचे पैसे घालून दुसऱ्याची भिंत सांभाळत होतो. ती जागा अजून आमच्याकडे आहे. ताई तिला "शाळा" म्हणते, फी भरली म्हणून.

तेव्हापासून हिशेब उलटा मांडतो. पासष्ट खरंच टिकणारे आहेत का, ते आधी बघायचं: बारा महिन्यांच्या खात्याच्या नोंदी, कराची शेवटची पावती, विमा, आणि मालक समोर नसताना भाडेकरूशी दहा मिनिटं बोलणं. (हे बोलणं मालकाला सांगूनच करायचं, चोरून केलं की व्यवहार तिथेच नासतो.) मग आपल्याला किती टक्के हवेत ते ठरवायचं. साडेसहा हवे असतील तर पासष्टाला हजार, म्हणजे दहा पट. ही झाली आमची वरची मर्यादा.

यात एक गंमत आहे. ताईचा मुलगा मानसशास्त्र शिकत होता. त्याने आम्हाला ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांचा 1974 सालच्या लेखातला प्रयोग सांगितला. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवायचं, ते मुद्दाम 10 किंवा 65 वर थांबेल असं केलेलं. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचा वाटा किती टक्के? 10 पाहिलेल्यांचा मधला अंदाज 25, 65 पाहिलेल्यांचा 45. चक्राचा आणि प्रश्नाचा काडीचा संबंध नाही. पुढे 1987 मध्ये नॉर्थक्राफ्ट आणि नील यांनी घरं विकण्याचाच धंदा करणाऱ्यांना एकच घर वेगवेगळ्या मागणीच्या आकड्यांसह दाखवलं. मुरलेल्या माणसांचे अंदाजही त्या आकड्यामागे सरकले, आणि ते स्वतः मात्र मागणीच्या आकड्याकडे आपण फारसं बघितलंच नाही म्हणत होते. मी म्हटलं, हे तर आपणच. पंधरा ऐकले म्हणून चौदा स्वस्त वाटले.

म्हणून आमच्याकडे आता असं चालतं: मालकाचा आकडा मी ऐकतो, ताईला सांगत नाही. ती जागा बघते, कागद बघते, आपली मर्यादा वहीत लिहून वही मिटते. मग मी आकडा सांगतो. कधी ती हसते, कधी चष्मा काढून ठेवते. चष्मा काढला की समजावं, जागा हातची गेली.

दुसरी एक जागा आम्ही हिशेब बरोबर करून घालवली. मालकाने ती भाव चढलेले असताना घेतली होती आणि दर बैठकीत एकच वाक्य: "मी एवढ्याला घेतलीय." मी त्याला पटवत बसलो की तुम्ही कितीला घेतली याच्याशी आजच्या भाड्याचा संबंध नाही. माझं बरोबर होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. बोस्टनमधल्या सदनिकांच्या विक्रीवर जेनेसोव्ह आणि मेयर यांचा 2001 मधला अभ्यास आहे. तोट्यात विकावं लागणारे मालक अपेक्षित भाव आणि मूळ खरेदी यांच्यातल्या फरकाच्या 25 ते 35 टक्के आपल्या मागणीत चढवून ठेवतात, असं त्यात दिसलं. हा माणूस तेच करत होता आणि मी त्याच्या जखमेवर पाढे म्हणत होतो. शेवटी त्याने ती दुसऱ्याला विकली, आमच्या आकड्यापेक्षा बऱ्यापैकी वर. थांबला आणि त्याला मिळाले. असंही होतं.

सगळ्यात जास्त शिकवलं ते एका काकांनी. तीन खोल्यांची जागा, दोन भाड्याने, तिसरीत त्यांची स्वतःची दुरुस्तीची कार्यशाळा. मागणी तेरा पट. ताईच्या वहीत अकरा. दोन बैठकांत मी साडेदहा म्हणालो, ते तेराच म्हणाले. तिसऱ्यांदा गेलो तो निव्वळ ओल बघायला. कार्यशाळेत एकच भिंत नव्याने रंगवलेली होती आणि तिला टेकून अवजारांचं फडताळ. मी फडताळ हातभर पुढे ओढलं. मागे रंग फुगून पापुद्रे सुटले होते, बोट लावलं तर पेराएवढं आत गेलं. वळून बघतो तर काका दारात. मी काहीच बोललो नाही. खरं सांगायचं तर काय बोलावं ते सुचलंच नाही. तेही गप्प. मग म्हणाले, "पाऊस लागला की येते ती. ठाऊक आहे मला."

आणि खाली स्टुलावर बसून त्यांनी बोलायला सुरुवात केली. लेथचं यंत्र हलवायचं कुठे, हा त्यांचा प्रश्न होता. दोन मुलगे, पैसे कुणाच्या हाती पडणार यावरून दोघांचं वाजलेलं. मी विचारलं, "काका, तुम्हाला ही खोली सोडायची कधी आहे?" ते म्हणाले, हे आजवर कुणी विचारलं नाही, सगळे चावी कधी देता तेवढंच विचारतात.

व्यवहार साडेदहालाच झाला. ओलीची दुरुस्ती आमची, आणि ती खोली वर्षभर त्यांच्याकडे, बिनभाड्याची. तिन्ही खोल्यांच्या शंभरात त्या खोलीचे तीस, म्हणजे पाव पटीहून थोडं जास्त. धरून दहा पूर्णांक आठ. वहीतल्या अकराच्या आत. त्यांना भावापेक्षा ते वर्ष मोठं होतं आणि आम्हाला ते स्वस्तात देता आलं. पैसे थेट काकांच्याच खात्यात दोन हप्त्यांत जातील, असं करारात लिहिलं. त्यामुळे मुलांचं भांडण आमच्या अंगावर आलं नाही.

कागदांनी मात्र घाम काढला. मूळ खरेदीखतावर काकूंचंही नाव होतं आणि त्या हयात नव्हत्या, म्हणजे वारस म्हणून दोन्ही मुलांच्या सह्या आल्या. जुनं कर्ज फिटलेलं, पण बोजा उतरल्याची नोंद कुणी केलीच नव्हती. आम्ही इसाराची रक्कम वकिलांकडे ठेवली. बोजा उतरला आणि सह्या झाल्या तर ती काकांना, नाहीतर आम्हाला परत. पहिल्या जागेच्या धड्यानंतर भाडेकरूंच्या अनामती आता किमतीतून आधीच वजा होतात, खोलीनिहाय, करारातच आकड्यांसह. याला काकांची हरकत नव्हती. थोरल्या मुलाची होती, दोन आठवडे.

काकांनी खोली बाराऐवजी चौदा महिन्यांनी सोडली. लेथच्या जागी फरशीवर तेलाचा काळा चौकोन राहिला. फरशी बदला म्हणून नवा भाडेकरू मागे लागला होता, मग तिथे त्याने कपाट ठेवलं.

सध्या बाराव्या जागेचं बोलणं चालू आहे. मालक दोघी बहिणी. धाकटी फोन उचलते, थोरली उचलत नाही. धाकटीने आकडा सांगितलाय, तो मला ठाऊक आहे, ताईला नाही. सही थोरलीचीही लागणार, म्हणून आम्ही अजून उत्तर दिलेलं नाही.