पावसात टीव्हीच्या छत्रीचा (डिश अँटेनाचा) सिग्नल का जातो

एकूण पाऊस किती पडला याला फारसं महत्त्व नाही, तो किती जोरात पडतो याला आहे. कोकणातली दिवसभराची रिपरिप डीटीएच सहज झेलतो. वळवाची वीस मिनिटांची सर मात्र पडदा काळा करते.

घरच्या छत्रीवर येणाऱ्या केयू बँडची (१२ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींचा पट्टा) लहर जेमतेम अडीच सेंटिमीटर. वळवाचे टपोरे थेंब ती शोषतात आणि विखुरतात. ताशी ५० मिमीच्या सरीत १२ गिगाहर्ट्झला किलोमीटरमागे सुमारे अडीच डेसिबल जातात (डेसिबल हे इथे सिग्नलच्या घटीचं माप, ३ गेले की सिग्नल निम्मा). केबलवाल्यांच्या मोठ्या सी बँड छत्रीवर, ४ गिगाहर्ट्झला, हेच नुकसान ०.०६ डेसिबलच्या आसपास.

दुसरा फटका सहसा कुणी सांगत नाही. पाऊस सिग्नल खातोच, वर स्वतःचा नॉइजही, म्हणजे नको असलेली रेडिओ खरखर, घालतो. निरभ्र आकाशात छत्री आणि एलएनबी (छत्रीसमोरच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा डबा) मिळून नॉइज साधारण १०० केल्विन धरा; नॉइज तापमानाच्या एककात मोजतात. पावसाने ३ डेसिबल खाल्ले की त्यात आणखी १३५ केल्विनची भर पडते. म्हणजे सिग्नल निम्मा आणि नॉइज दुपटीहून जास्त: क्वालिटी, म्हणजे नॉइजच्या तुलनेत सिग्नल, एकदम ६ डेसिबलपेक्षा जास्त घसरते. म्हणून बॉक्सवर स्ट्रेंग्थ नव्हे, क्वालिटी बघा.

डीडी फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. मुंबईहून तो आग्नेयेला, सुमारे ५७ अंश वर दिसतो. पाऊस साधारण पाच किलोमीटर उंचीवरून येतो, तेव्हा सिग्नलला जवळजवळ सहा किलोमीटर पाण्यातून यावं लागतं. आग्नेयेला दोन-तीन किलोमीटरवर ढग फुटला, तर अंगणात थेंब पडायच्या आधीच चित्र अडकतं.

उपाय कोरड्या दिवशीच करायचा. नुसतं चित्र आलं म्हणून नट आवळू नका. छत्री आडवी-उभी अगदी थोडी हलवून आणि एलएनबी किंचित फिरवून क्वालिटी जास्तीत जास्त करा. ६० सेंटिमीटरऐवजी ९० ची छत्री लावली तर साडेतीन डेसिबल पदरात पडतात. सर्वात जोरदार सरीला तेवढेही पुरत नाहीत, पण काळ्या पडद्याची मिनिटं नक्की कमी होतात.

पाऊस ओसरल्यावर सिग्नल काही मिनिटांत परत यायलाच हवा. नाही आला तर दोष आभाळाचा नाही, बहुधा कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय. आधी बॉक्सचा प्लग काढा, कारण त्याच केबलमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट जातात. कनेक्टर उघडून तांब्याची तार बघा. काळी-हिरवी पडली असेल तर चकचकीत तार लागेपर्यंत केबल कापा, नवा कनेक्टर बसवा आणि वरून स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. एलएनबीखाली केबलला एक झोळ ठेवा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल.