मराठवाड्यातून समुद्रावर: शांत किनाऱ्यासाठी पॅडलबोर्ड निवडताना

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्र नाही. पॅडलबोर्ड, म्हणजे ज्यावर उभं राहून वल्हवत जायचं ती लांब फळी, निवडताना आपल्याला पहिला विचार याचाच करावा लागतो. किनाऱ्यावर घर असलेला माणूस बोर्ड उचलून चार पावलांवरच्या पाण्यात टाकतो. आपल्याला मात्र संभाजीनगरहून पुणे आणि ताम्हिणी घाट करून दिवेआगर-श्रीवर्धन गाठायचं तर ४०० किलोमीटरच्या आसपास, आणि लातूरहून सोलापूर-कोल्हापूर करत गगनबावड्याकडून मालवणला उतरायचं तर ५०० च्या घरात जावं लागतं. उरलेलं वर्षभर बोर्ड आपल्याच गावात, एप्रिल-मेच्या ४२-४३ अंशांत पडून राहणार. किनाऱ्यावरच्या लोकांसाठी दिलेला सल्ला त्यामुळे आपल्याला निम्माच लागू पडतो.

कडक, म्हणजे आत फोम आणि वरून फायबर-इपॉक्सीचं कवच असलेला बोर्ड पाण्यावर जास्त सरस चालतो, यात वाद नाही. पण साडेअकरा फुटी बोर्ड म्हणजे साडेतीन मीटर लांबीची वस्तू. ती गाडीच्या टपावर पट्ट्यांनी आवळून महामार्गावर तासन्‌तास न्यायची, तर वाऱ्याचा सगळा मार पट्ट्यांवर आणि कॅरिअरवर येतो. त्याहून मोठी अडचण उन्हाची. टपावर किंवा गच्चीवर तापल्यावर आतल्या फोममधली हवा प्रसरण पावते आणि कवच फोमपासून सुटून फुगतं. एकदा सुटलेलं कवच घरच्या घरी पूर्ववत होत नाही. म्हणून आपल्यासाठी हवा भरायचा बोर्ड. गुंडाळला की तो मोठ्या सॅकमध्ये बसतो, पंप आणि वल्ह्यासकट वजन १२ ते १५ किलोपर्यंत भरतं, आणि डिकीत टाकून वर कुटुंबाचं सामानही राहतं. देवगिरी एक्सप्रेसने मुंबई आणि पुढे कोकण रेल्वेने कुडाळ, असाही प्रवास जमतो. सॅक सीटखाली मात्र सहसा मावत नाही, तेवढी जागा आधी हेरून ठेवावी.

हवेचा बोर्ड म्हणजे पोहायच्या तलावातली फुगवायची गादी नव्हे. वरचा आणि खालचा थर आतून हजारो धाग्यांनी एकमेकांना बांधलेला असतो. याला ड्रॉप-स्टिच म्हणतात. या धाग्यांमुळे १५ पीएसआय (पीएसआय हे दाब मोजायचं एकक) दाब भरला तरी बोर्ड फुग्यासारखा गोल न होता सपाट आणि टणक राहतो. स्वस्त बोर्डात पीव्हीसीचा एकच पातळ थर असतो आणि धागे विणकामाच्या सैल कापडात गुंतवलेले असतात. महागात दोन थर आणि घट्ट विणीचं कापड येतं. फरक पायाखाली कळतो. ८० किलोचा माणूस स्वस्त बोर्डावर उभा राहिला की मधला भाग खाली दबतो, पुढचं-मागचं टोक वर येतं, प्रत्येक वल्ह्याला बोर्ड लवतो आणि जोर वाया जातो.

खरेदीत सर्वात आधी विचारायची गोष्ट मात्र वेगळी आहे: कडेचे जोड चिकटवलेले आहेत की उष्णतेने वेल्ड केलेले? चिकटवलेल्या जोडातला गोंद सततच्या उष्णतेत मऊ पडतो. मेच्या दुपारी बंद गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत राहिलेल्या बोर्डाची कडा पुढच्या हिवाळ्यात सुटायला लागते. आधी शेपटीच्या वळणावर बारीक बुडबुडे दिसतात, मग पट्टीच उकलते. वेल्ड केलेला जोड ही उष्णता बराच जास्त सोसतो. विक्रेत्याला याचं उत्तर देता येत नसेल, तर बोर्ड चिकटवलेला आहे असंच धरून चालावं. बाकी सगळ्यात काटकसर करा, पण मराठवाड्यात राहत असाल तर या एका गोष्टीत करू नका.

आता माप. दुकानात बहुधा साडेदहा फूट लांब, ३२ इंच रुंद, ६ इंच जाड असा सर्वांसाठीचा बोर्ड पुढे केला जातो. शिकायला तो चांगला आहे, पटकन वळतोही. पण शांत किनाऱ्याला समांतर दोन-तीन किलोमीटर जाऊन परत यायचं असेल, तर तो दर वल्ह्याला नाक डावी-उजवीकडे फिरवतो आणि तीन-चार वल्ह्यांनी बाजू बदलावी लागते. माझी पसंती ११ ते साडेअकरा फुटाला, आणि नाक गोल नसून निमुळतं हवं. लांबीमुळे बोर्ड सरळ जातो, एका वल्ह्यात जास्त अंतर सरकतो, आणि निमुळतं नाक छोट्या लाटेवर आपटत नाही, ती कापतं. साडेबारा फुटी बोर्ड आणखी वेगवान असतो, पण नवख्याला वळवताना घाम फोडतो.

रुंदी वजनावर ठरवा. ६५ किलोच्या आत असाल तर ३० ते ३१ इंच पुरे. ६५ ते ९० किलोंना ३२. त्यापुढे, किंवा पुढे लेकरू बसवून न्यायचं असेल तर ३३-३४. गरजेपेक्षा रुंद बोर्ड घेतला की वल्हं अंगापासून लांब धरावं लागतं आणि तासाभरात खांदे भरून येतात. जाडी ६ इंच ठीक. ४ इंची बोर्ड लवतो, तो टाळावा. साठ किलोच्या आतल्या माणसाला मात्र ५ इंची जास्त बरा, कारण हलक्या माणसाखाली जाड बोर्ड पाण्याच्या फार वर तरंगतो आणि वाऱ्याला जास्त अंग देतो. कंपनीने लिहिलेली वजनाची मर्यादा ही बोर्ड तरंगत राहण्यापुरती असते. नीट चालवायचं तर माणूस आणि सामान मिळून त्या आकड्याच्या दोन-तृतीयांशात बसवा.

वाऱ्याचा विषय निघालाच आहे, तर इथे थांबून बोलू, कारण बोर्डाची निवड आणि सुरक्षितता दोन्ही यावर अवलंबून आहेत. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे वाचलेले असतात. कोकण किनाऱ्यावर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पहाटे आणि सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, दुपारकडे खारा वारा उलटा, समुद्रावरून जमिनीकडे येतो. सकाळी किनाऱ्यालगत पाणी आरशासारखं दिसतं, कारण झाडं आणि टेकड्या वारा अडवतात. शंभर-दोनशे मीटर आत गेलं की तोच वारा पाठीला लागतो आणि न कळत आत नेतो. जाताना वाटतं आपण छान वल्हवतोय, वळल्यावर खरं कळतं. साधारण माणूस ताशी ४ ते ६ किलोमीटरने वल्हवतो. समोरून ताशी २० चा वारा असेल तर उभ्याने जवळपास जागच्या जागीच राहतो. तेव्हा गुडघ्यावर बसायचं, वल्हं आखूड धरायचं आणि वाऱ्याला कमी अंग द्यायचं. पण मुळात वारा ताशी १५ च्या वर असेल तर उतरू नये, आणि उतरल्यावर किनाऱ्याला समांतरच राहावं, आधी वाऱ्याविरुद्ध जावं म्हणजे येताना सोपं पडतं. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था लाटा आणि वाऱ्याचा अंदाज रोज देते, निघण्याआधी तो बघावा. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, या किनाऱ्यावर बोर्डाचं नावच काढू नका.

याच कारणासाठी खरेदी करताना बोर्डाचं नाक किती वर वळलंय ते पाहावं. खूप वर वळलेलं नाक लाटांवर कामाचं, शांत पाण्यात मात्र वारा ते ढकलत राहतो.

तारकर्ली-देवबागची कर्ली, आंजर्ल्याची खाडी अशा ठिकाणी नवख्याला उघड्या समुद्रापेक्षा निवांत पाणी मिळतं, पण तिथे हिशेब भरती-ओहोटीचा. भरती संपून ओहोटी लागली की खाडीच्या मुखाशी प्रवाह समुद्राकडे ओढतो, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला तो सर्वात जोराचा असतो. अष्टमीच्या आसपासची भांगाची भरती नवख्यासाठी बरी. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे शनिवारची वेळ रविवारी चालत नाही. भरतीच्या शेवटच्या दीड-दोन तासांत खाडीत वर जायचं आणि ओहोटीच्या सुरुवातीला, प्रवाह मंद असतानाच परतायचं, हे सर्वात सोपं गणित.

फिन म्हणजे बोर्डाच्या पोटाखालचं, शेपटीकडचं पातं. मधलं ९ इंची फिन उघड्या पाण्यात सरळ जायला मदत करतं. ओहोटीच्या खाडीत तेच वाळूत किंवा कालवं लागलेल्या खडकात अडकतं, बोर्ड जागीच थांबतो आणि माणूस तोंडावर पुढे जातो. म्हणून काढता येणारं फिन घ्या आणि ४ ते ६ इंचांचं दुसरं, लवचीक फिन सोबत ठेवा. फिनचा निमुळता वाक शेपटीकडे असतो. उलटं बसवलं की बोर्ड सरळ जायचं नाव घेत नाही. फिन ज्या खाचेत बसतं ती पेटी कंपनीचंच खास फिन घेणारी नको. प्रचलित अमेरिकन पेटी असेल तर फिन हरवलं तरी दुसरं मिळतं.

वल्हं तीन तुकड्यांचं, लांबी कमी-जास्त होणारं घ्यावं. लांबी आपल्या उंचीपेक्षा १५ ते २५ सेंटिमीटर जास्त. अ‍ॅल्युमिनियमचं वल्हं किलोच्या आसपास किंवा जास्त भरतं, कार्बनचं त्याहून बरंच हलकं. तासाभरात हजारावर वल्ही मारली जातात, तेव्हा हा फरक खांद्यालाच कळतो. पैसे थोडेच उरले असतील तर बोर्डावरच्या कॅमेरा-माउंटसारख्या गोष्टी सोडून वल्ह्यावर खर्च करा. फायबरग्लास हा मधला चांगला पर्याय. अ‍ॅल्युमिनियमला खारं पाणी लागून वाळलं की तुकडे एकमेकांत जाम बसतात. पात्याचा वाक पुढे, नाकाकडे हवा. बहुतेक नवखे उलटं धरतात.

लीश म्हणजे बोर्ड अंगाला बांधून ठेवणारी दोरी. तिच्यावर मतभेद आहेत, माझं मत स्पष्ट आहे. उघड्या शांत समुद्रात पोटरीला बांधायची, स्प्रिंगसारखी गुंडाळलेली लीश. खाडीत, जिथे प्रवाह आहे, जाळ्यांचे खुंट आहेत, नांगरलेल्या होड्या आहेत, तिथे कमरेच्या पट्ट्याची, एका ओढीत सुटणारी लीश. पायाची लीश खुंटात अडकली आणि प्रवाह ओढत असला तर वाकून ती सोडवणं अशक्य होतं. लीश नसली तर पडल्यावर वारा बोर्ड घेऊन जातो, पोहून तो गाठता येत नाही. लाइफ जॅकेट, शिट्टी, जलरोधक पिशवीत अंगावरच बांधलेला मोबाइल, आणि त्यात तटरक्षक दलाचा १५५४ क्रमांक. हे बोर्डाच्या किमतीतच धरा.

पंपाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण किनाऱ्यावर पोचून बोर्ड अर्धवट भरून उतरणारे फार दिसतात. साडेअकरा फुटी बोर्डात ३०० लिटरच्या वर जागा असते, आणि १५ पीएसआयला त्यात साधारण दुप्पट हवा ठासायची असते. हातपंपाची सुई पहिले ५-७ पीएसआय हलतच नाही. गेज बिघडलेलं नसतं, भरत राहायचं. सुरुवातीला दोन्ही बाजूंनी हवा जाते, ८-१० च्या पुढे दम लागला की पंपाचं बूच काढून एकाच बाजूने भरायचं. गाडीच्या टायरचा छोटा पंप इथे कामाचा नाही. त्याचा दाब जास्त, पण हवा थोडी. बोर्ड भरेपर्यंत तो तापून बंद पडतो. पॅडलबोर्डाचा १२ व्होल्टचा पंप घ्यावा, आणि बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालू ठेवून वापरावा. व्हॉल्व्हची पिन वर असेल तर बंद, दाबून फिरवून खाली बसली तर उघडी. भरताना पिन वर आहे ना हे आधी पाहा, नाहीतर नळी काढताच सगळी हवा बाहेर.

उन्हाचं गणित इथेही आहे. २५ अंशांना १५ पीएसआय भरलेला बोर्ड वाळूवर तापून ५० अंशांवर गेला तर दाब साडेसतराच्या आसपास जातो. तापलेल्या हवेने भरून पाण्यात उतरवला तर उलट दीडेक पीएसआय उतरतो. म्हणून भरून दहा मिनिटं पाण्यात ठेवावा, मग पुन्हा मोजावा. जेवायला किंवा नाश्त्याला थांबताना सावलीत न्यावा, सावली नसेल तर २-३ पीएसआय सोडावेत.

बोर्ड घरी आला की समुद्राची वाट न पाहता तपासा. पूर्ण भरून साबणाचं पाणी व्हॉल्व्हभोवती आणि सगळ्या जोडांवर फिरवा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला दाब मोजा. वेळ तीच हवी, कारण दुपार आणि पहाटेच्या तापमानानेच आकडा बदलतो. व्हॉल्व्हला बुडबुडे आले तर सोबतच्या पान्याने आवळला की बहुधा थांबतात. जोडाला आले तर सरळ परत करा. पंक्चर काढायला सायकलवाल्याचं सोल्यूशन वापरू नका, ते पीव्हीसीला धरत नाही. पीव्हीसीचा गोंद आणि ठिगळ हवं, आणि २४ तास सुकू द्यावं लागतं. पाण्यात उतरून पाहायचं तर पोहण्याचा तलाव विचारा. पैठणचा नाथसागर पक्षी अभयारण्य आहे आणि संभाजीनगरचं पिण्याचं पाणीही तिथूनच येतं. तिथे किंवा कुठल्याही धरणात परवानगीशिवाय उतरू नये.

परत आल्यावर मीठ काढायचं. उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढणाऱ्या गावांत पाइप लावून धुणं शोभत नाही, आणि गरजही नाही. १०-१५ लिटरची एक बादली आणि स्पंज पुरतो. आधी व्हॉल्व्हभोवती, फिनच्या पेटीत, लीशच्या फिरत्या कडीत आणि वल्ह्याच्या क्लिपांत पाणी, मग उरलेल्याने बोर्ड पुसायचा. पूर्ण वाळल्याशिवाय गुंडाळू नये, बुरशी आणि वास धरतो. गुंडाळी सैल ठेवावी, घडी रोज त्याच रेषेवर पडू नये. गच्चीखालच्या तापणाऱ्या खोलीतला माळा नको, खालच्या मजल्यावरची उत्तरेची खोली चांगली. धान्य साठवतो त्या खोलीत तर मुळीच ठेवू नका, उंदीर पीव्हीसी कुरतडतात. लोखंडी कपाट असेल तर त्यात, नाहीतर जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता, सॅकची चेन लावून.