मशीननं बंद केलेली तिकिटं

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात गल्लोगल्ली सहकारी पतसंस्था आहेत आणि इथं सगळे त्यांना नुसतं 'सोसायटी' म्हणतात. त्यांतल्या काहींचे सर्व्हर, नेटवर्क आणि शाखांतली मशीनं चालू ठेवायचं कंत्राट आमच्या टिळकवाडीतल्या लहानशा कंपनीकडं आहे. मी सर्व्हिस डेस्क बघते. फोन येतो, तिकीट म्हणजे त्या तक्रारीची नोंद उघडते, कुणीतरी दुरुस्त करतं, तिकीट बंद होतं. फोनवर मराठी, कन्नड, दोन्हींची मिसळ, सगळं चालतं. फक्त सर्व्हरचे अलर्ट तेवढे इंग्रजीत येतात, आणि नेमके तेच कुणी धड वाचत नाही.

यांतल्या एका सोसायटीत सॉफ्टवेअर पुरवठादारानं स्वतःची निगा स्वतः राखणारी यंत्रणा बसवून दिली. दर तीस सेकंदांनी ती मुख्य सर्व्हिसला, म्हणजे सर्व्हरवर सोसायटीचे व्यवहार चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, विचारते, 'आहेस ना?' ओळीनं तीनदा उत्तर आलं नाही की सर्व्हिस बंद करून पुन्हा चालू करते. डिस्क भरत आली की जुने लॉग, म्हणजे सर्व्हरनं काय काय केलं त्याच्या नोंदी, उचलून दुसरीकडं ठेवते. खानापूरच्या शाखेची लाइन पावसात गेली की मोबाइलच्या जोडणीवर वळवते. आणि हे सगळं करताना तिकीटही तीच उघडते, तीच बंद करते.

कल्पना नवी नाही. २००१ साली आयबीएमच्या संशोधन विभागाचे प्रमुख पॉल हॉर्न यांनी ती मांडली होती. यंत्रणा इतक्या गुंतागुंतीच्या होत चालल्या आहेत, की त्या सांभाळायला माणसं पुरणार नाहीत, तेव्हा यंत्रणांनीच स्वतःला सांभाळावं, असं त्यांचं म्हणणं. आपण न सांगता श्वास चालतो, हृदयाचे ठोके कमीजास्त होतात, तसं. स्वतःची मांडणी करणं, स्वतःची गती राखणं, बिघाड स्वतः भरून काढणं आणि हल्ल्यापासून स्वतःला वाचवणं, अशी चार कामं आयबीएमनं यंत्रणेच्या गळ्यात घातली. त्यांतलं तिसरं काम आमच्या वाट्याला सगळ्यात जास्त आलं.

खरं सांगायचं तर त्यानं आमची झोप परत मिळाली. पूर्वी जुलैच्या पावसात रात्री दोन-दोनला फोन यायचे. ते थांबले. महिन्याचा अहवाल हिरवागार. सोसायटीचे मॅनेजर खूश, आमचे मालक त्याहून खूश. यंत्रणेचा राग मला तेव्हाही नव्हता, आजही नाही. मांडणीचं काम मात्र तिला आम्ही पहिल्यापासूनच दिलं नाही, कारण आमच्या नोंदींत काही शाखांचं गाव 'बेळगाव' आहे आणि २०१४ च्या १ नोव्हेंबरला शहराचं नाव बदललं त्यानंतर उघडलेल्यांचं 'बेळगावी'. यंत्रणेच्या हिशेबी ती दोन वेगवेगळी शहरं.

तर २०२५ ची धनत्रयोदशी. १८ ऑक्टोबर, शनिवार.

पिग्मी म्हणजे काय हे या भागात कुणाला सांगावं लागत नाही. एजंट रोज दुकानादुकानांत फिरतो, पन्नास-शंभर, जे असेल ते घेतो आणि हातातल्या मशीनवर पावती काढून देतो. वर्षभर साठलेले हे पैसे दुकानदार दिवाळीच्या तोंडावर उचलतात. त्यामुळं त्या दिवशी सकाळपासून काउंटरवर खाती बंद करणाऱ्यांची रांग होती. संध्याकाळी पाचनंतर एजंट यायला लागले. सणाच्या सुट्टीआधी गोळा केलेलं सगळं सोसायटीत चढवून मोकळं व्हायचं होतं प्रत्येकाला.

पहिला फोन शहापूर भागातल्या एका वयस्क एजंटांचा.

"मॅडम, पावत्या निघाल्यात, पण पैसे चढंनात झालेत की ओ. नुसतं पाठवत आहे, पाठवत आहे म्हणतंय."

"काका, मशीन बंद करू नका. पावत्या मशीनमध्येच आहेत, कुठं जात नाहीत."

मी स्क्रीन बघितला. सगळं हिरवं. एकही तिकीट उघडं नाही. तोवर उचगावचा फोन, मग येळ्ळूरचा, मग खानापूरच्या शाखेतली क्लार्क म्हणाली, "इकडं लोक ओरडालेत हो मॅडम."

सवयीनं आपण उघडी तिकिटं बघतो. त्या दिवशी मी बंद झालेली यादी उघडली आणि तिथं रांग लागलेली दिसली. 'सर्व्हिस प्रतिसाद देत नाही. रीस्टार्ट केली. पूर्ववत. तिकीट बंद.' चार-पाच मिनिटं गेली की पुन्हा तेच. पाच वाजल्यापासून यंत्रणा स्वतःला बरं करत होती आणि प्रत्येक वेळी बरं झाल्याची नोंद ठेवून मोकळी होत होती.

माझा धाकटा सहकारी लॉग घेऊन बसला तेव्हा साखळी उलगडली. पिग्मी खातं बंद करताना व्याज काढायला प्रोग्रॅम वर्षभराच्या सगळ्या पावत्या पहिल्यापासून चाळत होता, कारण जिथं इंडेक्स, म्हणजे हवी ती नोंद चटकन शोधून देणारी सूची, हवा तिथं तो नव्हता. एरवी दिवसाला दोन-चार खाती बंद होतात, कुणाला कळत नाही. त्या दिवशी सगळ्या काउंटरवर तेच चाललेलं. डेटाबेसकडं जाणाऱ्या जोडण्या ठरावीक असतात. त्या या चाळणीत अडकून पडल्या. एजंटांच्या मशीनना जोडणी मिळेना. आणि 'आहेस ना?' या प्रश्नाचं उत्तर द्यायलासुद्धा सर्व्हिसला एक जोडणी लागते, तीही मिळेना. म्हणजे सर्व्हिस मेलेली नव्हती, कामात होती. यंत्रणेनं तिला मेली समजून पुन्हा जन्माला घातलं.

इथून पुढं यंत्रणाच आजार झाली. रीस्टार्टमध्ये अर्धवट राहिलेली कामं रद्द व्हायची. एजंटांची मशीनं आणि काउंटरवरचे क्लार्क तीच कामं पुन्हा पाठवायचे, सर्व्हिस उठल्या उठल्या, सगळे एकदम. पुन्हा जोडण्या संपल्या, पुन्हा तीनदा उत्तर नाही, पुन्हा रीस्टार्ट. सर्व्हिसला एकदा तासभर तिच्या चालीनं चालू दिलं असतं तर ती रांग हळूहळू का होईना संपली असती.

आपोआप रीस्टार्ट थांबवायचं हे ठरायला वेळ लागला नाही. पण तो नियम बदलणं म्हणजे चालू यंत्रणेतला बदल, आणि अशा बदलाला सोसायटीच्या समितीची लेखी मंजुरी हवी. नियम चांगला आहे, आम्हीच आग्रहानं करून घेतलेला. ब्रिटिश सरकारनं १९८० च्या दशकात कॉम्प्युटर-सेवा सांभाळायच्या पद्धतींची आयटीआयएल नावाची चौकट बनवायला घेतली, तेव्हापासून बदलावर लगाम हा आमच्या धंद्याचा कणा आहे. पण त्या संध्याकाळी हसावं की रडावं कळेना. मशीननं तासाभरात कुणाला न विचारता सर्व्हिस डझनभर वेळा पाडून उठवली होती. तिला 'जरा थांब' म्हणायला मात्र मला सही हवी होती.

चेअरमनकाकांचं भांड्यांचं दुकान आहे. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी भांड्यांच्या दुकानदाराला फोन लावणं म्हणजे काय ते बाजारात गेलेल्याला कळेल. चौथ्यांदा लावल्यावर उचलला. मागून ताट-तांब्यांचा आवाज.

"बंद केलं तर काय होईल?"

"काका, नाही केलं तर आत्ता होतंय तेच रात्रभर होईल."

"आणि पैसे?"

"पैसे सुरक्षित आहेत. प्रत्येक पावतीला वेगळा नंबर आहे, एकच पावती दोनदा आली तर दुसरी घेतच नाही."

"मग बंद करा. लेखी म्हणजे आता... ते व्हॉट्सॲपवर चालेल काय?"

मी दोन ओळी लिहून पाठवल्या. त्यांचं 'मान्य' आलं. दुसऱ्या दिवशी फाइलला लावण्यासाठी मी त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला.

पुढचं काम साधं आणि जुन्या पद्धतीचं होतं. आपोआप रीस्टार्ट थांबवलं. काउंटरवर खाती बंद करणं तात्पुरतं थांबवायला सांगितलं, त्यासाठी मॅनेजरना लोकांची बोलणी खावी लागली. एकदा हातानं सर्व्हिस उठवली. मग फोन घेऊन एकेका शाखेला हाक: आता उचगावनं पाठवा, बाकीच्यांनी थांबा. उचगाव झालं, येळ्ळूर पाठवा. खानापूर. शहापूर शेवटी, कारण ते काका म्हणाले, "आमचं सावकाश होऊ दे की, चहा चालू आहे." नऊच्या आत सगळं चढलं. रोकड आणि कॉम्प्युटर यांचा मेळ बसला, रुपयाचाही फरक नाही.

सोमवारी नरकचतुर्दशी. दुपारी फराळाचं ताट समोर असताना मोबाइलवर बातम्या यायला लागल्या: ॲमेझॉनची क्लाउड सेवा कोलमडली, जगभरची कितीतरी ॲप बंद. पुढं कंपनीनं कारण जाहीर केलं. त्यांच्या उत्तर व्हर्जिनियातल्या केंद्रांत एका डेटाबेस सेवेचे पत्ते आपोआप बदलणारी यंत्रणा आहे. तिच्यातलं एकच काम करणारे दोन भाग एकमेकांवर आदळले. मागं पडलेल्यानं जुना आराखडा लावला, पुढं गेलेल्यानं जुना म्हणून तोच पुसला, आणि पत्त्याची नोंद रिकामी झाली. ती रिकामी नोंद यंत्रणेला स्वतःची स्वतः भरता येईना, शेवटी माणसांनी हात घातला. कुठं ते आणि कुठं आमची सोसायटी, पण वाचताना मला शनिवारची ती बंद तिकिटांची यादीच दिसत होती.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास सोसायटीत बैठक झाली. इंडेक्सचा विषय पाच मिनिटांत संपला. खरी चर्चा लेखापरीक्षकांनी सुरू केली. ते फारसं बोलत नाहीत. त्यांनी बंद तिकिटांची छापील यादी मागवली होती आणि तीत पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. हीच सर्व्हिस पावसाळ्यापासून अधूनमधून रीस्टार्ट होत होती. प्रत्येक वेळी तिकीट मिनिटभरात बंद, म्हणून कुणाच्या नजरेला आलं नाही. आयटीआयएलच्या भाषेत एकेका अडथळ्याला इन्सिडेंट म्हणतात आणि त्यामागच्या मूळ कारणाला प्रॉब्लेम. इन्सिडेंट इतक्या चटकन मिटत होते, की प्रॉब्लेमची फाइल उघडायचं कुणाला सुचलंच नाही. मग परीक्षक म्हणाले, "आपल्याकडं व्हाउचर करणारा एक आणि पास करणारा दुसरा. इथं बिघाड ठरवणारं मशीन, दुरुस्त करणारं मशीन, आणि दुरुस्त झालं म्हणून सही करणारं पण मशीनच?"

पुरवठादाराचा माणूस म्हणाला, सगळीकडं असंच असतं. त्याचं खोटं नव्हतं.

त्या दिवशी ठरलं ते असं. दोनदा रीस्टार्ट करून भागलं नाही तर त्या तासात तिसऱ्यांदा यंत्रणेनं हात लावायचा नाही, माणसाला फोन करायचा. मशीननं उघडलेलं तिकीट मशीननं बंद करायचं नाही. दुरुस्ती तिनं खुशाल करावी, पण बंद करताना डेस्कवरच्या माणसाचं नाव लागेल. कुठल्या गोष्टी तिनं न विचारता कराव्यात याची यादी समिती मंजूर करेल आणि दर तीन महिन्यांनी वाचेल. लाइन वळवणं यादीत आहे, लॉग हलवणं आहे. खातेदाराच्या रकमेला जिथं स्पर्श होतो तिथं नाही. आणि 'आहेस ना?'चं उत्तर द्यायला आता एक जोडणी राखीव आहे.

माझं काम यानं कमी झालं नाही, बदललं. पूर्वी मी फोन उचलायची. आता सोमवार सकाळ मशीननं आठवडाभर काय काय केलं ते वाचण्यात जाते. वाचण्यासारखं त्यात बरंच असतं. मागच्याच महिन्यात निपाणी शाखेचा बॅकअप रोज पहिल्या खेपेला फसून दुसऱ्या खेपेला होत असल्याचं सापडलं. केबल उंदरानं कुरतडलेली.

एक गुंता मात्र सुटलेला नाही. आमच्या कंत्राटात महिन्याला ठरावीक इन्सिडेंटच्या वर गेलं की बिलातून कपात आहे. मशीननं मिटवलेले पूर्वी मोजले जात नव्हते, आता मोजले जातात, म्हणून आकडा फुगला आणि अहवाल लाल झाला. आमचे मालक म्हणतात, मशीनचे वेगळ्या रकान्यात दाखवा. मॅनेजर म्हणतात, बिघाड तो बिघाड, रकाना कुठलाही असो. दोघंही आपल्या जागी बरोबर आहेत असं मला वाटतं. पुढच्या बैठकीत हा विषय दुसऱ्या क्रमांकावर आहे.