वॉर्डातला ‘वात’ : तापाचा रुग्ण अचानक बरळू लागला तर

तापात माणूस असंबद्ध बोलू लागला की घरातली जुनी माणसं म्हणायची, ‘वात झालाय’. आज त्याला डिलिरियम म्हणतात. वात म्हणणाऱ्यांना एक गोष्ट नेमकी ठाऊक असायची : बिघाड शरीरात आहे. वॉर्डात मात्र पुष्कळदा आधी मनोविकारतज्ज्ञांना बोलावणं जातं आणि रक्तातल्या सोडियमचा, म्हणजे क्षाराचा, रिपोर्ट संध्याकाळी येतो.

हा प्रकार दुर्मिळ नाही. सार्स आणि मर्स या कोविडच्याच कुळातल्या विषाणूंच्या आजारांनी रुग्णालयात दाखल झालेल्यांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आजारपणाच्या काळात सुमारे २८ टक्के रुग्ण गोंधळलेले होते, ३३ टक्क्यांचं मन खचलेलं होतं आणि ४२ टक्क्यांना झोप लागत नव्हती. कोविडच्या आयसीयूतले आकडे याहून बरेच वर गेले.

ओळखायचं कसं? वात तासा-दिवसांत येतो आणि दिवसभरात कमी-जास्त होतो. सकाळच्या राऊंडला नीट उत्तरं देणारे आजोबा रात्री सलाईन उपटून ‘मला शेतावर जायचंय’ म्हणतात. स्मृतिभ्रंश असा दोन दिवसांत येत नाही. मुख्य खूण म्हणजे लक्ष टिकत नाही. डिसेंबरपासून मागे महिने म्हणायला सांगा. सात तरी सलग बरोबर यायला हवेत. इंग्रजी महिने ज्यांच्या अंगवळणी नाहीत त्यांना वार उलटे विचारा. शनिवार, शुक्रवार म्हणून गाडी थांबली आणि नजर पंख्याकडे गेली, तर उत्तर मिळालं.

आरडाओरडा करणारा रुग्ण सगळ्यांना दिसतो. खरा धोका गप्प पडून राहणाऱ्याला. जेवत नाही, हाक मारली की उशिरा डोळे उघडतो, आणि सगळे म्हणतात, ‘बिचारे शहाणे आहेत, काही त्रास नाही’. किंवा नैराश्य समजून त्यांना गोळी सुरू होते. माझ्या मते सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

मग कारण शोधायचं. ऑक्सिजन बघा, पण बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल तर मशीन फसवतं. जुना दमेकरी (सीओपीडी, म्हणजे फुप्फुसांचा कायमचा आजार असलेला) असेल आणि ऑक्सिजन भरपूर लावलेला असेल, तर कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी येते. अशांना ८८ ते ९२ टक्के पुरतात. साखर ७० च्या खाली आहे का? सोडियम १३५ च्या किती खाली गेलंय? ते वाढवायचं असलं तरी २४ तासांत ८ ते १० पेक्षा जास्त नको, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ओटीपोटावर हात ठेवून पाहा, लघवी तुंबलेली असते. चार दिवस शौचाला झालेलं नसतं. या दोन साध्या गोष्टी सीटी स्कॅननंतर आठवतात, हे फार वेळा घडतं.

रोज दारू घेणाऱ्याने ती लपवलेली असते. शेवटच्या घोटानंतर ४८ ते ९६ तासांत थरथर, घाम आणि भास सुरू झाले तर दाखल झाल्याची वेळ मोजा, आणि ग्लुकोजच्या आधी थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) द्या. तंबाखू-मिश्रीबद्दल आजीला कोणी विचारतच नाही. ती अचानक तुटली तरी जीव कासावीस होतो.

औषधांच्या यादीत पहिला संशय स्टिरॉइडवर. कोविडमध्ये रोज ६ मिलीग्रॅम डेक्सामेथासोन द्यायचे. ते प्रेडनिसोलोन या दुसऱ्या स्टिरॉइडच्या सुमारे ४० मिलीग्रॅमइतकं होतं. प्रेडनिसोलोन ४० च्या वर जाऊ लागलं की मानसिक लक्षणं वाढत जातात : झोप उडते, बडबड वाढते, संशय येतो, कधी रडू कोसळतं. स्टिरॉइड सकाळीच द्यावं. खाजेसाठीचं फेनिरामाइन आणि सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामाइन म्हाताऱ्या मेंदूला झेपत नाही. झोपेसाठी दिलेलं अल्प्राझोलाम किंवा लोराझेपाम वात वाढवतं. अपवाद दारू सुटल्यामुळे आलेल्या वाताचा, तिथे याच जातीचं औषध लागतं. स्वतःला किंवा इतरांना इजा होईल अशी स्थिती असेल तरच हॅलोपेरिडॉल हे शांत करणारं औषध, वृद्धांत अर्ध्या मिलीग्रॅमपासून, ईसीजी बघून. आणि पार्किन्सनच्या रुग्णाला नाही.

हात बांधू नका. बांधलेला माणूस जास्त झटतो. चष्मा, कानातलं यंत्र आणि कवळी पिशवीत पडून असतात, ती आधी लावा. समोर घड्याळ आणि दिनदर्शिका ठेवा, दिवसा खिडकी उघडा, रात्री दिवे मंद करा. एकच ओळखीचं माणूस सोबत असावं : ‘बाबा, मी तुमच्याजवळ आहे, आपण दवाखान्यात आहोत, आज गुरुवार’. भिंतीवर साप दिसतोय म्हणाले तर वाद घालायचा नाही आणि ‘हो, दिसतोय’ असंही नाही. सोबतीचा हा उपाय कोविडच्या वॉर्डात बंद होता, वर चेहरे झाकलेली माणसं अवतीभवती.

एका बाबतीत थांबून चालत नाही. ताप, डोकेदुखी, वागण्यात बदल आणि फिट किंवा बोलण्यात अडखळणं, म्हणजे मेंदूज्वराची शंका. नागिणीच्या कुळातल्या हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचा संशय असेल तर रिपोर्टची वाट न बघता अॅसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध शिरेतून सुरू करतात, किलोमागे १० मिलीग्रॅम, दर आठ तासांनी, तासभर सावकाश. मूत्रपिंड जपायला पुरेसं सलाईन हवं. पाठीतल्या पाण्याची तपासणी पहिल्या तीन दिवसांत खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

घरी गेल्यावर वाताच्या आठवणी उरतात. ‘सिस्टर मला मारायला आल्या होत्या’ हे रुग्णाला खरंच घडल्यासारखं आठवतं. कोणत्या दिवशी काय झालं ते सोबत बसून सांगा. आयसीयूत रोज दोन ओळी टिपून ठेवल्या असतील तर फार उपयोग होतो. दोन आठवड्यांनंतरही मन उदास असेल, दचकून जाग येत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा, आणि उत्तर हो आलं तर दोन आठवडे थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. दाखवायला जाताना डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या, आणि स्टिरॉइड किती दिवस घेतलं, कधी थांबवलं, ते त्यावर नसेल तर पेनाने लिहून ठेवा.