घरच्या खोलीत गाणं: मुखड्यापासून शेवटच्या फाइलपर्यंत

ठाण्यात घोडबंदर रोडलगतच्या इमारतीत, दहा बाय दहाच्या खोलीत, मी गाणी लिहिते, त्यांना चाल लावते आणि तिथेच रेकॉर्ड करते. या कामात एक सोय मला फार मोलाची वाटत आली आहे. लिहिणारी, चाल लावणारी आणि माइकसमोर उभी राहणारी एकच असली, की शेवटच्या टेकपर्यंत शब्द बदलता येतो. स्टुडिओत तासाचं भाडं चालू असतं, गीतकार बहुधा हजर नसतो, कागदावर आहे ते गाऊन मोकळं व्हायचं. घरी एखादं अक्षर माइकला मानवलं नाही तर वही पुढे ओढायची आणि ओळ पुन्हा लिहायची. म्हणून रेकॉर्डिंगची सुरुवात मी लिहिण्यापासूनच धरते.

एका मुखड्याच्या दोन ओळी घेऊ. ठेका केरवा, आवर्तन ८ मात्रांचं, ओळ १६ मात्रांची:

खाडीवरती उतरे संध्या
पाण्यावरती दिवे लागले

लघूची एक आणि गुरूच्या दोन मात्रा धरल्या तर ‘खाडीवरती’ आठ, ‘उतरे संध्या’ आठ, ‘पाण्यावरती’ आठ, ‘दिवे लागले’ आठ. हिशेब बसला, पण चाल अजून बसलेली नाही. दुसऱ्या ओळीत ‘दिवे’मधली ‘दि’ बरोबर समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येते आणि ती ऱ्हस्व आहे. तिथे सूर लांबवला की ‘दीवे’ ऐकू येतं, आणि मराठी कानाला ते तत्क्षणी खटकतं. म्हणून चालीत ‘दि’ला एकच मात्रा द्यायची आणि थांबायचं ते ‘वे’वर. ओळी ‘ध्या’ आणि ‘ले’वर संपतात, हे सोयीचं आहे. आ, ए, ओ या स्वरांवर गळा मोकळा राहतो. शब्द त, ट, क अशा व्यंजनावर मिटत असेल तर लांब सूर धरताच येत नाही; म, न, ल यांच्यावर थोडा वेळ निभावतो. ओळ ‘खाडीवर’ अशी संपली असती तर बोलताना न उच्चारला जाणारा र-मधला अ गाताना ‘रऽऽ’ करून ओढावा लागला असता. जुन्या ओव्यांमध्ये तो गोड लागतो, पण भावगीताच्या संथ चालीत उघडा पडतो. ‘आणि’, ‘पण’, ‘तर’ हे शब्द समेवर येणार नाहीत तेही बघायचं. सम अर्थाच्या शब्दाला मिळाली पाहिजे.

आता माइकचं. प, फ, ब, भ म्हणताना ओठ मिटून उघडतात, हवेचा झोत थेट माइकच्या पडद्यावर बसतो आणि रेकॉर्डिंगमध्ये ‘धप्प’ येतं. ‘पाण्यावरती’चा ‘पा’ समेवर, म्हणजे जोरात पडतो. तिथे ‘लाटांवरती’ घातलं तर मात्रा तेवढ्याच, आणि ल-चा झोत नाही. पण ठाण्याच्या खाडीत संध्याकाळी उठून दिसाव्यात अशा लाटा नसतात, दिवे दिसतात ते संथ पाण्यात. तो शब्द राखला आणि माइक तोंडासमोरून साधारण २० अंश बाजूला वळवला. अंतऱ्यात मात्र ‘भरले’च्या जागी ‘दाटे’ आलं. दोन्ही चार मात्रांचे, अर्थही बिघडला नाही. दर ओळीला हा निर्णय वेगळा असतो. माइकसाठी चांगला शब्द टाकू नये, पण दोन शब्द सारख्याच ताकदीचे असतील तर माइकचं ऐकावं.

स, श आणि दंततालव्य च (चाफा, चांदणं, चूल यांतला) यांचा सीत्कार ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये साचतो. एका ओळीत असे तीन-चार आले की नंतर डी-एसर (हा सीत्कार दाबणारं साधन) लावून आवाज बोबडा होतो. ते लिहितानाच विरळ करावेत.

पट्टी ठरवताना सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर दोन्ही गाऊन बघायचे, तेही बसून नाही, उभं राहून, कारण रेकॉर्डिंग उभ्यानेच करायचं असतं. माझी पट्टी काळी ४, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी हा माझा सा. पुरुषांना बहुधा काळी १ सोयीची पडते. पट्टीवर पुढचं एक काम अवलंबून असतं: आवाजातली नको असलेली घरघर काढायला किती हर्ट्झच्या खालचं कापायचं ते. काळी ४ मध्ये मंद्र पंचम, म्हणजे खालच्या सप्तकातला प, सुमारे १५५ हर्ट्झवर येतो, त्यामुळे १०० च्या खालचं निर्धास्त कापता येतं. काळी १ मध्ये तोच पंचम १०४ हर्ट्झच्या आसपास असतो. तिथे ८० वर थांबावं, नाहीतर आवाजाचा खर्ज जातो.

सॉफ्टवेअर कोणतंही चालेल. रीपर ६० दिवस वापरून बघता येतं, ऑडॅसिटी पूर्ण मोफत आहे. ठेका मात्र आधीच मांडून घ्यावा: केरव्याला ४/४, दादऱ्याला ३/४, रूपकाला ७/४. रूपक ४/४ च्या चौकटीत रेकॉर्ड केला तर सम दर वेळी वेगळ्या रेघेवर जाते आणि पुढे एक ओळ कापून दुसरीकडे ठेवायची म्हटली की गोंधळ उडतो. फाइल २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. रेकॉर्ड करताना बफर, म्हणजे कॉम्प्युटर आवाज ज्या तुकड्यांनी हाताळतो त्यांचा आकार, १२८ सॅम्पल ठेवते. त्याने आवाज कानात परत यायला एका दिशेला पावणेतीन मिलिसेकंदांच्या आसपास उशीर होतो आणि तो जाणवत नाही. मिक्सिंगला बसताना बफर १०२४ वर नेते, नाहीतर कॉम्प्युटर अडखळतो.

खोलीवर सगळ्यात जास्त वेळ जातो आणि तो द्यावाच. बाहेरचा आवाज आत येणं आणि आतला आवाज भिंतींवर घुमणं हे दोन वेगळे त्रास आहेत, त्यांचे उपायही वेगळे. भिंतीला चिकटवायचा एक इंची फोम पहिल्यावर काहीच करत नाही, आणि दुसऱ्यातही फक्त वरच्या पट्टीतला खणखणाट शोषतो. आवाज पेटीत बसून गायल्यासारखा होतो. बाहेरचा आवाज फटींमधून येतो. आपल्याकडच्या ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्यांत दोन पल्ल्यांच्या मधला ब्रश झिजलेला असतो आणि रुळाखालची पाणी जायची भोकं उघडी असतात. ब्रश नवा बसवला, रेकॉर्डिंगपुरती भोकं पुट्टीच्या गोळ्याने बुजवली आणि दाराखाली जाड टॉवेल दाबला, की फोमच्या आख्ख्या खोक्यापेक्षा जास्त फरक पडतो. पावसाळ्यात ती भोकं काम झाल्यावर लगेच उघडायची, नाहीतर पाणी घरात.

वेळेचं म्हणाल तर लोक रात्र सुचवतात. घोडबंदरला रात्री अवजड वाहनं असतात आणि त्यांची खालची गुरगुर कोणत्याच खिडकीने अडत नाही. सकाळ कुकरच्या शिट्ट्यांची आणि कबुतरांची. मला चांगली मिळते ती दुपारी दीड ते चारची वेळ, आणि रस्त्याऐवजी सोसायटीच्या आतल्या बाजूची खोली. पंखा बंद, एसी बंद. फ्रिजही बंद करावा आणि घराची किल्ली फ्रिजमध्येच ठेवावी, म्हणजे तो परत सुरू करायचा राहत नाही. मग गाताना ठेवायचा तोच गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते) ठेवून अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करायची. मीटर उणे ६० डीबीच्या (शून्य ही कमाल पातळी) खाली राहिला तर काम सुरू करावं. उणे ४५ दिसत असेल तर आधी कारण शोधावं. एकसुरी ‘हूंऽऽ’ असेल तर ती ५० हर्ट्झची विजेची घरघर. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. अर्थिंग नीट नसलेल्या जोडणीत ती बऱ्याचदा तिथेच जाते.

घुमण्याचं गणित असं. दहा फूट अंतराच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले सूर, म्हणजे ११३, १६९, फुगतात. खोली चौरस असली की दोन्ही दिशांना तेच आकडे येतात आणि फुगवटा वाढतो. म्हणून कोपऱ्यात उभं राहायचं नाही आणि खोलीच्या बरोबर मधोमधही नाही. दोन इंच जाडीचे, चार बाय दोन फुटांचे रॉकवूलचे (दगडी तंतूंच्या दाट लोकरीचे) पॅनेल कापडात नीट शिवून भिंतीपासून दोन इंच सोडून लावले तर ते त्या पोकळीमुळे आणखी खालच्या सुरांपर्यंत काम करतात. तेवढी तयारी नसेल तर दोन जाड गोधड्या पुरतात, पण त्या टांगायच्या गाणाऱ्याच्या पाठीमागे. कार्डिऑइड माइक पुढून ऐकतो, त्याची पाठ जवळपास बहिरी असते. गाणाऱ्याच्या मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज थेट माइकच्या तोंडात जातो. गोधडी माइकच्या मागे लावलेली मी पुष्कळ घरांत पाहिली आहे. तिचा उपयोग फार थोडा.

‘घरात गोंगाट असेल तर डायनॅमिक माइक घ्या, तो कमी ऐकतो’ असं सांगतात. कमी ऐकत नाही. शुअर एसएम ५८ सारखा माइक तोंडापासून चार बोटांवर धरता येतो, त्यामुळे आवाजाच्या मानाने खोली मागे पडते. कंडेन्सरला, म्हणजे दुसऱ्या, जास्त नाजूक कानाच्या माइकला, वीतभर अंतर लागतं, ४८ व्होल्टचा फॅन्टम पॉवर (तारेतूनच माइकला मिळणारी वीज) लागतो, आणि खोली बरी असेल तर श्वासाचा, शब्दाच्या कडेचा जो बारकावा तो टिपतो तो मला हवा असतो. पॉप फिल्टर (हवेचा झोत अडवणारी जाळी) माइकपासून चार बोटं, ओठ त्याच्या पुढे. अंतर कमी झालं की खर्ज फुगतो. वरच्या सुरात अर्धी वीत मागे, हळू ओळीला परत जागेवर, हे शरीराला शिकवावं लागतं. पातळी उणे १२ डीबीच्या आसपास ठेवावी, सगळ्यात जोराच्या सुरालाही उणे ६ च्या वर जाऊ देऊ नये. २४ बिटमध्ये हळू रेकॉर्ड झालेलं वाढवता येतं, फाटलेलं दुरुस्त होत नाही. पावसाळ्यात कंडेन्सर बाहेर ठेवू नका; हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत.

पेटी आणि तबला असतील तर सगळ्यात आधी पेटीचा सूर ट्यूनरवर बघा. पेटी ४४० ऐवजी ४४४ वर निघाली तर सुमारे १६ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) फरक पडतो आणि कीबोर्ड तिच्याशी भांडतो. पेटी बदलता येत नाही, बाकीची वाद्यं तिच्याकडे आणावीत. माइक पेटीच्या वरून दीड फुटावर, पट्ट्यांच्या बाजूला झुकलेला. भात्याच्या बाजूला ठेवला तर हवेची फुसफुस येते. तबल्याची पुडी ओल धरते आणि सूर उतरतो. पावसाळ्यात गट्टे ठोकून मिळवलेला तबला तासाभरात पुन्हा खाली येतो, म्हणून दर दोन-तीन टेकनंतर सा तपासायचा. एसी लावून खोली कोरडी केली आणि मग एसी बंद करून वाजवलं, तर मधे कुठेतरी तबला चढतो किंवा उतरतो आणि मुखडा एका सुरात, अंतरा दुसऱ्यात होतो. खोलीची हवा एकसारखी ठेवणं जास्त महत्त्वाचं.

गाण्याचे पूर्ण टेक तीन ते पाच. त्यापुढे गळा दमतो आणि शब्द यांत्रिक होतात. टेकमधून ओळी निवडताना तुकडा श्वासाच्या आधी कापते, श्वासानंतर नाही. श्वास आणि त्याची ओळ एकत्रच राहायला हवीत. सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर आपोआप चालू ठेवू नका. मींड, कण, आंदोलन अशा सुरांच्या घसरणी-हेलकाव्यांना ते बेसूर समजतं आणि सरळ करून टाकतं. लागलाच तर एखादा सूर हाताने हलवावा.

मिक्समध्ये आवाजाला २५० ते ४०० हर्ट्झमध्ये दोन-तीन डीबी कमी केलं की खोलीचा गढूळपणा उतरतो. कॉम्प्रेसर (मोठा आवाज आवरून धरणारं साधन) ३:१, सुई ३ ते ६ डीबी हलेल इतकाच. रिव्हर्बला, म्हणजे वरून दिलेल्या गुंजेला, ४० मिलिसेकंदांचा प्री-डिले (सुरू होण्याआधीचा उशीर) दिला की शब्दाची कड आधी ऐकू येते, गुंज नंतर. डिले (आवाजाचा प्रतिध्वनी) ठेक्यात बसवायला ६०,००० ला लयीने, म्हणजे मिनिटातल्या ठोक्यांनी, भागायचं: ९० च्या लयीत ६६७ मिलिसेकंद, अर्ध्यासाठी ३३३. शेवटची फाइल उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास आणि शिखर उणे १ डीबीच्या खाली. स्पॉटिफाय उणे १४ लाच आणतं, त्यामुळे ठासून मोठं केलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं आणि फक्त दबलेलं उरतं.

गाणं बाहेर सोडण्याआधी शब्द कुणाचे, चाल कुणाची, वादकाला मानधन की वाटा, हे कागदावर लिहून सह्या करून ठेवावं. कॉपीराइट निर्मितीबरोबरच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. पुरावा हवा असेल तर शब्द आणि संगीत यांची नोंदणी प्रत्येकी ५०० रुपये, ध्वनिमुद्रणाची २,००० रुपये. अर्ज केल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. मग त्याच बैठकीत आणखी दोन फाइली काढून घ्याव्यात: आवाज वगळून ठेक्या-पेटीसह एक, आणि तीच काळी १ मध्ये. सोसायटीच्या गणेशोत्सवात कुणीतरी हे गाणं म्हणायला मागतंच, आणि तोपर्यंत प्रोजेक्टमधला एखादा प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडलेलं छोटं साधन) उघडेनासा झालेला असतो.