फादर डेमियन आणि मधली सोळा वर्षे

उत्तम मेंढपाळ मेंढरांसाठी आपला प्राण देतो, हे योहानाच्या शुभवर्तमानातील वचन प्रवचनात आले की पाठोपाठ बेल्जियन कॅथलिक धर्मगुरू संत फादर डेमियन यांचे नाव येते, आणि ते कुष्ठरोग्यांमध्ये गेले व त्याच रोगाने वारले, एवढ्यावर त्यांची कथा आटोपते. या दोन घटनांच्या मध्ये जवळजवळ १६ वर्षे गेली आणि धर्मगुरूचा आत्मत्याग मला त्या वर्षांतच दिसतो. अमेरिकेतील कॅथलिक चर्च त्यांचा सण मृत्युदिनी नव्हे, तर १० मे रोजी पाळते. १८७३ साली त्या दिवशी ते हवाईतील मोलोकाई बेटावरील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत उतरले. मला ही निवड फार उचित वाटते.

हवाईच्या राज्यात १८६५ च्या कायद्याने कुष्ठरोग्यांना घरादारापासून तोडून या बेटाच्या उत्तरेकडील द्वीपकल्पावर नेऊन सोडत. एका बाजूला उभा कडा, बाकी सगळा समुद्र. काही धर्मगुरूंनी तेथे आळीपाळीने राहावे असे ठरले होते आणि पहिली पाळी ३३ वर्षांच्या डेमियन यांची होती. रोग्यांना स्पर्श करू नये, अशी ताकीद त्यांना मिळाली होती. पण तेथील माणसे एकाच भांड्यातली पोई, म्हणजे अळूच्या कंदाचा लगदा, बोटांनी खात, आणि त्या भांड्यात हात घालायला कचरणारा धर्मगुरू त्यांना आपला वाटणे शक्य नव्हते. डेमियन यांनी हात घातला, आपला पाइप त्यांना ओढायला दिला, जखमा धुतल्या, शवपेट्या ठोकल्या, आणि रोगाचे निदान होण्याच्या कितीतरी आधीपासून ते प्रवचनात ‘आम्ही कुष्ठरोगी’ असेच म्हणत. (ते येण्यापूर्वी तेथे नुसता अंधार होता, ही भाविक अतिशयोक्ती मात्र मला मान्य नाही, १८६६ मध्येच तेथील रुग्णांनी सिलोआमा ही प्रोटेस्टंट मंडळी स्वतः उभी केली होती.)

त्यांच्या आयुष्यातला मला सर्वांत जड वाटणारा प्रसंग रोगाचा नाही. त्यांचे वरिष्ठ जहाजातून आले असता कप्तानाने त्यांना उतरू दिले नाही, आणि होडीतून गेलेल्या डेमियन यांनाही वर चढू दिले नाही. तेव्हा त्यांनी होडीत उभे राहून, खलाशांच्या देखत, फ्रेंचमध्ये ओरडून पापनिवेदन केले. इतरांची पापे गुपचूप ऐकणाऱ्याला स्वतःचे एकांताचे समाधानही राहिले नव्हते.

ते हट्टी होते, तापट होते, आणि वरिष्ठांशी त्यांचे फारसे जमत नसे. परंतु आपण जेव्हा त्यांचा त्याग गौरवतो, तेव्हा एकट्या माणसाच्या खांद्यावर वर्षानुवर्षे सगळा भार टाकून ठेवणाऱ्यांना आपण अलगद मोकळे सोडतो, असे मला वाटते. मदर मेरिॲन कोप व त्यांच्या संघातील धर्मभगिनी त्या वसाहतीत राहायला आल्या त्या नोव्हेंबर १८८८ मध्ये. एप्रिल १८८९ मध्ये डेमियन वारले. मदर मेरिॲन यांनी हात धुण्यासारखे स्वच्छतेचे नियम कसोशीने पाळले आणि पाळायला लावले. त्यांच्या भगिनींपैकी एकीलाही हा रोग झाला नाही, आणि त्या स्वतः १९१८ पर्यंत तेथेच सेवा करत राहिल्या. चर्चने २०१२ साली त्यांनाही संत घोषित केले, पण रोग न जडता दिलेली ही ३० वर्षे आत्मत्यागावरच्या प्रवचनात क्वचितच ऐकू येतात.