ऑर्कनीचा तिसरा बॅरियर: गाडीतून उतरून थेट 'रेजिनाल्ड'वर

मी डायव्हिंग शिकलो तारकर्लीला. बर्म्युडा आणि टी-शर्टवर पाण्यात उतरायची सवय. त्यामुळे 'खोली जास्तीत जास्त दहा-बारा मीटर' हे वाचून स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी बेटांवरची ही डाइव्ह मी जरा हलक्यातच घेतली.

जूनअखेरीस मी आणि ॲबर्डीनमधला माझा नाशिककर सहकारी गाडी घेऊन निघालो. गिल्स बे ते सेंट मार्गारेट्स होप ही फेरी तासाभराची. उतरून चौथा बॅरियर (बेटं जोडणारा समुद्रातला बांध, वरून रस्ता) आणि बरे बेट (नावच तसं) ओलांडलं की तिसरा बॅरियर. रस्त्याच्या पूर्वेला पाण्यातून गंजलेला सांगाडा डोकावतो, तोच 'रेजिनाल्ड'. १८७८ साली बांधलेलं हे तीन डोलकाठ्यांचं लोखंडी जहाज पहिल्या महायुद्धात मुद्दाम बुडवलं, स्कापा फ्लो या ब्रिटिश नौदलाच्या तळाकडची शत्रूची वाट अडवायला. तरीही १४ ऑक्टोबर १९३९ च्या पहाटे जर्मन पाणबुडी यू-४७ कर्क साउंड या सामुद्रधुनीतल्या अशाच अडथळ्यांच्या फटीतून आत शिरली आणि तिने 'रॉयल ओक' ही ब्रिटिश युद्धनौका बुडवली. आठशेहून जास्त माणसं गेली. मग चर्चिलने चारही सामुद्रधुन्या काँक्रीटच्या ठोकळ्यांनी बंद करायला लावल्या. आपल्या फायद्याची गोष्ट ही, की त्यामुळे इथला जोरदार प्रवाह थांबला. नाहीतर किनाऱ्यावरून इथे उतरायची सोयच नव्हती. ('रॉयल ओक' युद्धकबर आहे, तिथे डाइव्ह करायला बंदी.)

पाणी अकरा अंश. तोंड बुडवल्यावर कपाळात अशी कळ गेली, की दोन मिनिटं मी नुसता श्वास मोजत तरंगलो. ही दोन मिनिटं घ्याच. धापा टाकत खाली गेलात तर हवा निम्म्या वेळात संपते.

खाली मात्र जीव रमतो. माणसाएवढ्या केल्पच्या (एक समुद्री शेवाळ) पानांतून वाट काढत गेलो आणि एकदम जहाजाच्या बरगड्या समोर आल्या. पत्रे गळून पडलेत, त्यामुळे वरून उजेड पट्ट्यापट्ट्यांनी आत येतो. खालच्या बाजूला पांढरी 'डेड मॅन्स फिंगर्स' (बोटांसारखी मऊ प्रवाळं), फटीत खेकडे, आणि 'रास' जातीचा एक मासा आमच्या मागे मागे, घरमालकासारखा. दृश्यमानता सात-आठ मीटर असेल. आत घुसायची गरजच नाही, सगळं बाहेरूनच दिसतं. पत्र्यांच्या कडा धारदार आहेत, ड्रायसूट (आत पाणी न शिरणारा, हवा भरलेला पोशाख) सांभाळा. आणि आठवण म्हणून काहीही उचलू नका.

फजिती शेवटी झाली. सिलिंडरमधली हवा वापरली की त्याचं वजन दोनेक किलोंनी कमी होतं, हे परीक्षेत लिहिलं होतं. पण सुरुवातीला खाली जाता आलं, म्हणजे वजन पुरेसं, असं मी धरून चाललो. परतताना तीन मीटरवर ड्रायसूट फुगला आणि मी बुचासारखा वर निघालो. हाताला केल्प लागला, तो घट्ट धरून बसलो. मित्राने खिशातलं दोन किलोंचं शिसं माझ्या खिशात सरकवलं आणि बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, "अरे, उथळात वजन जास्त लागतं, कमी नाही." वजनाची चाचणी जवळपास रिकाम्या सिलिंडरवर, किनाऱ्यालगत करा.

भरती पूर्ण व्हायच्या तासभर आधी उतरा, म्हणजे बुळबुळीत शेवाळावरून कमी चालावं लागतं. बॅरियरच्या ठोकळ्यांवरून उतरू नका, पाय मुरगळलाच म्हणून समजा. शेजारच्या किनाऱ्यावरून जा. गाडी बॅरियरवर थांबवू नका. जाड हातमोजे, हूड, थंड पाण्याला चालणारा रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं उपकरण), आणि वर तरंगणारा मार्कर बॉय हवाच. कपडे बदलायला मोठा पंचा आणि थर्मासमध्ये चहा. बोटं इतकी बधिर होतात, की थर्मासचं झाकण आधीच सैल करून ठेवा.

वारा पूर्वेचा असेल तर विषयच संपला. दुसऱ्या दिवशी तसंच झालं, लाटा फुटून तुषार रस्त्यावर येत होते. वारा पडल्यावर डाइव्हऐवजी लॅम्ब होम या बेटावरचं इटालियन चॅपल (छोटं चर्च) पाहिलं. बॅरियर बांधणाऱ्या इटालियन युद्धकैद्यांनी दोन निसेन हट (पत्र्याच्या अर्धगोल छपराच्या बराकी) जोडून ते उभं केलं. आतल्या विटा म्हणजे डोमेनिको किओकेत्ती या कैद्याने रंगाने काढलेलं नुसतं चित्र आहे. दोन पावलांवर जाईपर्यंत मला त्या खऱ्याच वाटल्या.